हॉकमॅनच्या चरित्राचा गुंता

डीसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या हॉकमॅन या पंखधारी नायकाची नोंद कोणत्याही कॉमिक्सकोशात उघडली, तर एका व्यक्तीच्या चरित्राऐवजी तिघाचौघांची चरित्रे एकमेकांत शिरलेली आढळतात. कुठे तो प्राचीन इजिप्तमधील राजपुत्राचा पुनर्जन्म असलेला पुरातत्त्वज्ञ असतो, कुठे थॅनगार नावाच्या ग्रहावरून आलेला पोलीस अधिकारी, कुठे दुसऱ्याच्या नावाआड वावरलेला हेर, आणि एका टप्प्यावर तर हे निरनिराळे जीव एकाच देहात एकवटलेले दिसतात. सुपरहिरोंच्या मालिका वाचणाऱ्यांत ‘कंटिन्युइटी’ हा शब्द रूढ आहे. एका कथेत जे घडले ते पुढच्या सर्व कथांनी घडलेले धरून चालावे, या अलिखित कराराचे ते नाव असून येथे त्यासाठी ‘कथासातत्य’ हा शब्द योजला आहे. हा करार मोडल्याचे उदाहरण द्यायचे झाले की हॉकमॅनचे नाव हमखास पुढे येते. मात्र त्याच्या कथा प्रकाशनाच्या क्रमाने तपासल्या, तर मूळ कल्पनांत फारसे काही बिघडलेले नव्हते आणि आज दिसणाऱ्या बहुतेक गाठी आधीची गाठ सोडवण्याच्या प्रामाणिक प्रयत्नांतून पडल्या आहेत, असे ध्यानात येते.

अशा चरित्राची उकल करताना दोन कालक्रम कटाक्षाने वेगळे ठेवावे लागतात. कथा कोणत्या वर्षी छापली गेली हा एक क्रम, आणि ती पात्राच्या आयुष्यात कोणत्या वेळी घडली हा दुसरा. १९९२ साली छापलेली कथा १९८८ मधील कथेचा अर्थ बदलू शकते, किंबहुना त्या कथेतला नायक तो नव्हताच असेही सांगू शकते. झाल्या गेल्याचा अर्थ असा मागाहून बदलण्याला ‘रेटकॉन’ म्हणतात. हे ज्याचे संक्षिप्त रूप आहे तो इंग्रजी शब्दप्रयोग १९८३ साली रॉय थॉमस लिहीत असलेल्या ‘ऑल-स्टार स्क्वॉड्रन’ या डीसीच्याच मासिकात छापला गेला होता. प्राचीन ग्रंथांच्या पाठचिकित्सेत प्रक्षिप्त भाग बाजूला काढून मूळ पाठापर्यंत पोचता येते. कॉमिक्सच्या बाबतीत ती सोय नाही, कारण येथे प्रत्येक पाठ अधिकृत आहे, त्यावर तारीख आहे आणि तो मालकाच्या संमतीनेच छापलेला आहे.

पहिला हॉकमॅन ‘फ्लॅश कॉमिक्स’च्या जानेवारी १९४० अशी तारीख असलेल्या पहिल्या अंकात आला. लेखक गार्डनर फॉक्स आणि चित्रकार डेनिस नेव्हिल यांनी रंगवलेल्या या कथेत कार्टर हॉल या प्राचीन शस्त्रांच्या संग्राहकाकडे इजिप्तमधून काचेचा एक खंजीर येतो. तो हाती घेताच त्याला भोवळ येते आणि गतजन्म दिसू लागतो: तो खुफू नावाचा राजपुत्र आहे आणि हाथ-सेट या पुजाऱ्याने त्याला व त्याच्या प्रियेला ठार मारले आहे. शुद्धीवर आल्यावर रस्त्यात त्याला शिएरा सँडर्स ही तरुणी भेटते, जी त्या प्रियेचाच पुनर्जन्म असते, आणि शहराच्या भुयारी रेल्वेत वीज सोडून हाहाकार माजवणारा डॉक्टर हॅस्टर हा त्या पुजाऱ्याचा. गुरुत्वाकर्षणावर मात करणारा ‘नववा धातू’ वापरून कार्टर पंख बांधतो, ससाण्याचा मुखवटा चढवतो आणि जुना हिशेब चुकता करतो. पुनर्जन्म ही कल्पना भारतीय वाचकाला नवी नाही, आणि म्हणूनच या पहिल्याच कथेत पुढच्या सर्व अडचणींचा तोडगा तयार पडलेला होता हे त्याच्या चटकन लक्षात येईल. अमेरिकी संपादकांच्या ते लक्षात यायला सहा दशकांहून अधिक काळ गेला.

‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’ या पहिल्या सुपरहिरो-संघाचा हॉकमॅन संस्थापक सदस्य होता आणि १९५१ मध्ये ‘ऑल स्टार कॉमिक्स’मधून हा संघ नाहीसा होईपर्यंत त्याने त्याची साथ सोडली नाही. युद्धोत्तर काळात सुपरहिरोंची लाट ओसरली आणि कार्टर हॉलही पडद्याआड गेला.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ यांनी जुन्या नायकांची फक्त नावे उचलून त्यांना नव्या, विज्ञानाच्या पेहरावात आणण्याचा सपाटा लावला. १९५६ मध्ये नवा फ्लॅश आला, १९५९ मध्ये नवा ग्रीन लँटर्न, आणि १९६१ मध्ये ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’च्या ३४व्या अंकात नवा हॉकमॅन. लेखक पुन्हा गार्डनर फॉक्सच होते आणि चित्रे जो क्यूबर्ट यांची होती. हा हॉकमॅन म्हणजे थॅनगार ग्रहावरचा पोलीस कटार होल. हव्या त्या प्राण्याचे रूप घेणाऱ्या बिथ या गुन्हेगाराचा माग काढत तो पत्नी शायेरा हिच्यासह पृथ्वीवर येतो आणि येथील पोलिसांची पद्धत शिकण्यासाठी राहून जातो. स्थानिक पोलीस आयुक्त या जोडप्याला पृथ्वीवर वावरण्यासाठी नावे सुचवतात, आणि ती त्यांच्या थॅनगारी नावांशी उच्चाराने जुळणारी, म्हणजे कार्टर आणि शिएरा हॉल, अशी असतात. उपजीविकेसाठी त्यांना मिडवे शहरातील संग्रहालयाचे काम मिळते.

पुढच्या सगळ्या रामायणाचे बीज या तपशिलात आहे. नव्या फ्लॅशचे खरे नाव, व्यवसाय आणि पोशाख हे सारे जुन्याहून वेगळे होते, त्यामुळे पुढे दोघांना ज्येष्ठ आणि कनिष्ठ म्हणून शेजारी उभे करणे सोपे गेले. ग्रीन लँटर्नचेही तसेच. हॉकमॅनच्या बाबतीत मात्र फॉक्स यांनी उगमकथा तेवढी बदलली आणि नाव, पत्नीचे नाव, ससाण्याचे सोंग, जुन्या शस्त्रांची हौस हे सर्व जसेच्या तसे ठेवले. दोन भिन्न माणसे एकाच नावाने, एकाच वेशात आणि जवळजवळ एकाच पेशात वावरू लागली. १९६१ मध्ये याची चिंता करण्याचे कारण नव्हते, कारण कॉमिक्स वाचणारी मुले काही वर्षांत मोठी होऊन वाचन सोडतात आणि वीस वर्षांपूर्वीचे अंक कोणाच्या स्मरणात नसतात, असाच धंद्याचा समज होता.

त्याच वर्षी फॉक्स यांनीच ‘द फ्लॅश’च्या १२३व्या अंकात दोन्ही फ्लॅशची गाठ घालून दिली आणि जुने नायक एका समांतर पृथ्वीवर राहतात, असा खुलासा केला; तिला पुढे ‘अर्थ-टू’ हे नाव मिळाले. दोन पृथ्व्यांची ही व्यवस्था साधी आणि भक्कम होती. कार्टर हॉल एका पृथ्वीवर, कटार होल दुसरीवर. १९६४ मध्ये कटार ‘जस्टिस लीग’मध्ये दाखल झाला, तिकडे कार्टर आपल्या सोसायटीत राहिला, आणि दोन्ही संघ वर्षाकाठी एकदा भेटत असत. जवळजवळ पाव शतक या व्यवस्थेत हॉकमॅनविषयी कोणतीही अडचण निर्माण झाली नाही, ही गोष्ट त्याच्या गुंत्याची टवाळी करणारे सहसा विसरतात.

१९८५ साली डीसीने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही बारा अंकांची मालिका काढली. मार्व्ह वुल्फमन यांनी लिहिलेल्या आणि जॉर्ज पेरेझ यांनी चितारलेल्या या मालिकेचा हेतू उघड होता: अनेक पृथ्व्यांमुळे नवा वाचक बिचकतो, तेव्हा सर्व पृथ्व्या विलीन करून एकच पृथ्वी आणि एकच इतिहास ठेवावा. वरकरणी हे आवराआवर करण्याचे काम होते. परंतु विलीनीकरणानंतर सर्व मालिका एकाच दिवशी नव्याने सुरू झाल्या नाहीत. सुपरमॅनला १९८६ मध्ये कोरी पाटी मिळाली, वंडर वुमनला १९८७ मध्ये. बाकीच्यांपैकी अनेकांचे जुने आयुष्य तसेच पुढे चालू राहिले. वंडर वुमन आता नव्यानेच जगात अवतरल्यामुळे ती जस्टिस लीगची संस्थापक असू शकत नव्हती, म्हणून तिच्या जागी मागाहून ब्लॅक कॅनरीला बसवण्यात आले. हॉकमॅनवर हीच वेळ आली, फक्त थोडी उशिरा आणि अधिक वाईट रीतीने.

टिमथी ट्रूमन यांची ‘हॉकवर्ल्ड’ ही तीन भागांची मालिका १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि केवळ कलाकृती म्हणून पाहिली तर ती हॉकमॅनच्या सर्वोत्तम कथांपैकी एक आहे. जुन्या कथांमधील आदर्श, स्वच्छ थॅनगारऐवजी तिने इतर ग्रहांना लुटून चैन करणारा एक साम्राज्यवादी समाज दाखवला, ज्यात वरच्या मनोऱ्यांत उच्चकुलीन राहतात आणि तळाच्या वस्तीत गुलाम ग्रहांतून आणलेली माणसे. कटार होल हा त्याच वरच्या वर्गातला, अमली पदार्थांच्या आहारी गेलेला आणि पुढे हद्दपारी भोगणारा तरुण अधिकारी म्हणून समोर येतो. ही मालिका कटारच्या पृथ्वीवर येण्याआधीच्या काळातली आहे असे मानले असते, तर कुठेच काही अडले नसते. पण तिच्या यशामुळे १९९० मध्ये जॉन ऑस्ट्रँडर आणि ट्रूमन यांच्या लेखणीतून त्याच नावाचे मासिक सुरू झाले, आणि त्यात कटार व शायेरा पृथ्वीवर प्रथमच येतात ते १९९० च्या वर्तमानकाळात, थेट शिकागो शहरात.

या एका निर्णयाचे परिणाम बारकाईने पाहण्यासारखे आहेत. कटार आत्ता आला असेल, तर गेल्या पंचवीसेक वर्षांच्या जस्टिस लीगच्या कथांत जो हॉकमॅन दिसला तो कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो, कारण त्या कथा रद्द झालेल्या नव्हत्या. यावरचे पहिले उत्तर सोपे होते: आता पृथ्वी एकच असल्यामुळे इजिप्तवाला कार्टर हॉल येथेच होता, तेव्हा लीगच्या सुरुवातीच्या वर्षांत तोच हॉकमॅन होता असे ठरवता येते. पण हे उत्तर एका विशिष्ट तारखेपुढे चालत नाही. १९८६ च्या एका विशेषांकात जस्टिस सोसायटीचे बहुतेक वृद्ध सदस्य, कार्टर आणि शिएरासकट, जगाच्या रक्षणासाठी एका अंतहीन युद्धात अडकून पृथ्वीवरून नाहीसे झाले होते. तरीही १९८८-८९ च्या सुमाराच्या ‘जस्टिस लीग इंटरनॅशनल’मध्ये हॉकमॅन वावरताना दिसतो. तो कार्टर असू शकत नाही, कारण कार्टर पृथ्वीवर नाही; कटारही असू शकत नाही, कारण कटार अजून आलेला नाही.

ही पोकळी भरण्यासाठी तिसरा माणूस निर्माण करावा लागला. ‘हॉकवर्ल्ड’मधून असे सांगण्यात आले की तो हॉकमॅन म्हणजे फेल अँडार नावाचा थॅनगारचा हेर होता, ज्याने आपण कार्टर हॉलचा मुलगा असल्याचे भासवले, शेरन पार्कर या पृथ्वीवरील स्त्रीशी लग्न केले आणि तिच्या मनावर ताबा मिळवून तिला हॉकवुमन म्हणून उभे केले, बिंग फुटल्यावर तिला ठार मारून तो पळाला. कोडे म्हणून हा खुलासा चोख आहे, त्यात एकही तारीख चुकलेली नाही. तरी त्याने जे साधले त्यापेक्षा जे गमावले ते जास्त होते. कार्टर हॉलला हेक्टर हा खरा मुलगा आधीपासून होता, त्यामुळे बाकीच्या नायकांना हा तोतया इतके दिवस ओळखू कसा आला नाही, हा नवा प्रश्न उपटला. आणि ज्या वाचकाने ते अंक विकत घेऊन एका नायकावर जीव लावला होता, त्याला तो नायक खुनी हेर होता असे सांगण्यात आले. केवळ तारखा जुळवण्यासाठी एका स्त्रीपात्राचा जीव घेणारी ही दुरुस्ती या सबंध इतिहासातील सर्वांत निष्ठुर म्हणावी लागेल.

येथे थोडे थांबून धंद्याची रीत पाहिली पाहिजे. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी वाचकांपर्यंत पोचलेला फँटम १९३६ मध्ये ली फॉक यांनी निर्माण केला आणि १९९९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्याच्या कथांची सूत्रे बहुतांशी त्यांच्याच हाती राहिली, त्यामुळे तेथे असा गुंता माजला नाही. डीसीच्या पात्रांची मालकी संस्थेकडे असते. हॉकमॅन एका मासिकात नायक असतो, दुसऱ्यात संघाचा सदस्य, तिसऱ्यात पाहुणा, आणि या तिन्ही मासिकांचे लेखक व संपादक वेगळे असतात. ट्रूमन आणि ऑस्ट्रँडर यांना चांगली कथा लिहायची होती आणि त्यांनी ती लिहिली. तिच्यामुळे शेजारच्या मासिकात काय अनाथ होईल, याची मोजदाद करणे कोणा एकाचे कामच नव्हते.

दरम्यान जस्टिस सोसायटी परतली होती, म्हणजे पृथ्वीवर पुन्हा दोन हॉकमॅन झाले. १९९४ च्या ‘झीरो अवर’ या मालिकेने यावर अघोरी इलाज केला. काळाच्या उलथापालथीत कार्टर, शिएरा आणि कटार या तिघांना एका देहात मिसळून टाकण्यात आले आणि हा नवा हॉकमॅन ससाणा-देवतेचा अवतार ठरवण्यात आला. त्याला पंख बांधावे लागत नसत, ते पाठीतूनच उगवलेले होते. तीन चरित्रांऐवजी एक चरित्र, हा हिशेब कागदावर बरोबर होता. पण आपण नेमक्या कोणाची गोष्ट वाचत आहोत हे वाचकाला कळेनासे झाले, आणि १९९६ मध्ये हॉकमॅनचे मासिक बंद पडले. यानंतर काही वर्षे डीसीत या पात्राला हात लावायला कोणी धजत नव्हते. ग्रँट मॉरिसन यांनी १९९७ मध्ये ‘जेएलए’ ही जस्टिस लीगची मालिका नव्याने सुरू केली तेव्हा संघात एक पंखधारी हवा होता, पण हॉकमॅन वापरता येत नसल्यामुळे झोरिएल नावाचा एक देवदूत घडवून त्याला ती जागा देण्यात आली. एखाद्या पात्राचा पूर्वेतिहास इतका जड व्हावा की त्यापेक्षा स्वर्गातून माणूस आणणे सोपे वाटावे, असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

सुटका झाली ती जस्टिस सोसायटीच्या ‘जेएसए’ या मालिकेत. आधी १९९९ मध्ये केंड्रा सॉन्डर्स ही नवी हॉकगर्ल, म्हणजे हॉकमॅनची जोडीदार, आणण्यात आली, जिच्या देहात शिएराचा आत्मा वावरतो पण जिला गतजन्मींचे काही आठवत नाही. मग २००१ मध्ये जेफ जॉन्स आणि डेव्हिड गॉयर यांनी कार्टर हॉलला परत आणले. त्यांच्या खुलाशानुसार हजारो वर्षांपूर्वी थॅनगारचे एक यान इजिप्तच्या वाळवंटात कोसळले होते, त्यातील धातूच्या संपर्काने खुफू आणि त्याची प्रिया जन्ममृत्यूच्या फेऱ्यात अडकले, आणि पुढे कार्टरला लाभला तो नववा धातू म्हणजे हाच. परतलेल्या कार्टरकडे कटारच्या आठवणीही होत्या. जुने काही खोटे ठरवण्याऐवजी दोन मुळांमध्ये एक पूल बांधणारा हा खुलासा होता, आणि १९४० व १९६१ या दोन्ही कथांवर गार्डनर फॉक्स यांचेच नाव असल्यामुळे तो सर्वांत न्याय्यही होता. २००२ मध्ये जॉन्स आणि जेम्स रॉबिन्सन यांनी सुरू केलेले मासिक ४९ अंक चालले, यावरून वाचकांनी तो स्वीकारला असे म्हणता येते.

पण कॉमिक्सच्या व्यवहारात कोणताही निकाल अंतिम नसतो. २००८ च्या एका विशेषांकात जिम स्टार्लिन यांनी कार्टरच्या गतजन्मांच्या आठवणींवरच शंका उपस्थित केली, जिचा पुढे कोणी नीट पाठपुरावा केला नाही. २०११ मध्ये डीसीने जवळजवळ सर्वच मालिकांचा पूर्वेतिहास नव्याने मांडला आणि ‘द सॅव्हेज हॉकमॅन’मध्ये कार्टर हॉल हे नाव धारण केलेला कटार होल पुन्हा दिसला, मालिका अल्पायुषी ठरली आणि तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या मासिकात लेखक रॉबर्ट व्हेंडिटी आणि चित्रकार ब्रायन हिच यांनी १९४० च्या तोडग्याची व्याप्ती वाढवली. हॉकमॅनचा पुनर्जन्म केवळ काळातच होत नाही, तर अवकाशातही होतो, म्हणजे एकच आत्मा कधी इजिप्तमध्ये, कधी थॅनगारवर, तर कधी सुपरमॅनच्या क्रिप्टनवर जन्म घेतो, आणि हे जन्म एकामागून एकच झाले पाहिजेत असेही नाही. दोन जन्म एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी जगले जाऊ शकतात. या एका नियमाने कार्टर आणि कटार या दोघांनाही खरे राहता आले. त्याच्या मुळाशी व्हेंडिटी यांनी केटार नावाचा एक क्रूर सेनानी ठेवला, ज्याने असंख्य जीव घेतले आणि जितके घेतले तितके वाचवेपर्यंत ज्याला जन्म घेत राहण्याचे प्रायश्चित्त मिळाले. कर्मविपाकाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण कॉमिक्सच्या हिशेबात याचे मोल मोठे आहे, कारण हॉकमॅनची इतकी चरित्रे का आहेत या प्रश्नाला प्रथमच कथेच्या आतले कारण मिळाले.

हॉकगर्लचा धागा मात्र याच सुमारास शेजारच्या ‘जस्टिस लीग’ मासिकात, स्कॉट स्नायडर यांच्या देखरेखीखाली स्वतंत्रपणे विणला जात होता. त्यात केंड्रा सॉन्डर्स ‘थॅनगार प्राइम’ या नव्या ग्रहावर पोचते आणि तेथील राज्यकर्ती म्हणून तिच्यापुढे उभी राहते ती शायेरा होल, म्हणजे ज्या आत्म्याचा केंड्रा पुनर्जन्म असल्याचे सांगितले गेले त्याचेच दुसरे, जिवंत रूप. समकालीन जन्मांचा व्हेंडिटी यांचा नियम लावला तर ही भेट शक्य ठरते. पण तो नियम मुळात कार्टरसाठी केलेला होता, आणि केंड्राच्या देहात शिएराचा आत्मा मागाहून आला हा आधीचा तपशील त्यात कसा बसवायचा, हे काम पुढच्या लेखकासाठी शिल्लक आहे.